शिक्षेची गोळी, दंडाची गोळी

अजूनही महिन्यातून एकदा मी औषधाच्या रांगेत असतो. आता रांग म्हणजे खुर्च्या, टोकन आणि भिंतीवरचा टीव्ही. गेल्या महिन्यात शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्यांचा मुलगा मनोरुग्णालयात आहे, आणि मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "कोर्टाकडून पाठवलाय." मी म्हटलं, "मीही तसाच होतो. दीड वर्ष." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवरची पर्स घट्ट धरली. मग स्वतःचीच लाज वाटून ती सैल केली आणि विचारलं, "मग तुम्ही सुटलात कसे?"

पुणेकराला एका वाक्यात उत्तर देता येत नाही असा प्रश्न सहसा सापडत नाही. हा तसा होता. शिवाय तेवढ्यात माझं टोकन लागलं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

औषधांची नावं आणि आकडे मुद्दाम लिहीत नाही. माझं वाचून कोणी परस्पर मेडिकलच्या दुकानात जायला नको. इस्पितळाचं नावही लिहीत नाही. तिथे मला माणसात आणलं, आणि तिथल्या ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या निम्म्या आमच्याच होत्या.

बुधवार पेठ

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बुधवार पेठेत पहिल्या मजल्यावरच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर जोडायचं काम करायचो. जिना इतका अरुंद की मॉनिटर घेऊन कोणी वर येत असेल तर उतरणाऱ्याने मुकाट्याने परत वर जायचं. काय दिवस होते ते! पुण्यात प्रत्येकाला कॉम्प्युटर हवा होता आणि कशासाठी हवा ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. निवृत्त मास्तर यायचे आणि "मुलगा अमेरिकेत गेलाय, ईमेल द्या" म्हणायचे, जणू आम्ही ते पुडीत बांधून देणार होतो. मालक कोणालाही "नाही" म्हणायचा नाही, फक्त "सोमवारी या" म्हणायचा. नवा मदरबोर्ड पिशवीतून काढताना एक वास येतो. तो वास आजही कुठे आला तर मी पंचवीस वर्षांचा होतो.

राहायला विश्रांतवाडीला, दादा-वहिनींकडे. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, कारखान्यात नोकरीला. आई-वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. छोटा फ्लॅट, चार वर्षांची पुतणी सायली, आणि मी हॉलमधल्या दिवाणावर. वहिनी अस्सल पेठेतल्या. प्रेम करतानाही टोमणा मारणार, आणि टोमणा मारतानाही "अहो भावजी" म्हणणार.

फोनवरून इंटरनेट जोडताना मोडेम जी किरकिर करायचा, ती माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मला त्या किरकिरीत माझं नाव ऐकू यायला लागलं. सुरुवातीला मलाच गंमत वाटली. दुकानातल्या मित्रांना सांगितलं, ते हसले, मीही हसलो. मग मोडेम बंद असतानाही नाव यायला लागलं. मग नावाच्या पुढे वाक्यं आली.

त्याच सुमारास घरी टेलिफोन आला. दादाने नंबर लावून कित्येक वर्षं झाली होती आणि आता अचानक मिळाला, तसा तो तेव्हा सगळ्यांनाच मिळत होता. वहिनींनी त्यावर विणलेलं झाकण घातलं. मी मात्र हिशोब जुळवला, की दादाने माझं डोकं फोनच्या कंपनीला देऊन त्या बदल्यात फोन घेतलाय, आणि रोज माझे विचार त्या वायरीतून बाहेर जातात. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा दोन अधिक दोन चार इतकं ते मला स्वच्छ दिसत होतं. आजारात बुद्धी बंद पडते असा लोकांचा समज आहे. माझी तर अखंड चालू होती, थांबतच नव्हती.

वहिनींच्या लक्षात आधी आलं. "अहो, भावजी झोपत नाहीत. तीन आठवडे झाले. कोणाला तरी दाखवा," असं त्या दादाला माझ्यासमोर म्हणाल्या. दादा म्हणाला, "कामाचा ताण आहे. लग्न झालं की येईल ताळ्यावर." आमच्याकडे लग्न हे मुरड्यापासून वेडापर्यंत सगळ्यावरचं औषध आहे.

एका रविवारी सकाळी दादा फोनवर कोणाशी तरी बोलत होता आणि हसला. मला वाटलं, सौदा पुरा झाला. टीव्हीखालचा लोखंडी स्टॅबिलायझर मी उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. डाव्या कानामागे लागला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सायलीचं रडणं आठवतं. वहिनी दादा आणि माझ्यामध्ये उभ्या राहिल्या, रिकाम्या हातांनी, ते आठवतं. दादा वाचला, पण त्याचा डावा कान कायमचा गेला.

पोलीस चौकीत जाऊन फिर्याद वहिनींनी दिली. दादा शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "कशाला दिलीस?" त्या म्हणाल्या, "मग काय, त्यांना पोहे वाढायचे होते?"

"मला आजार नाही, केस आहे"

कोठडीतही मी भिंतीशी बोलायचो, म्हणून न्यायाधीशांनी तपासणीसाठी इस्पितळात पाठवलं. माझा निदानाचा दिवस हा असा, हातात बेडी आणि दाराशी हवालदार. तपासायला तरुण डॉक्टर होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. त्या अर्धा तास शांतपणे ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "संजय, तुम्हाला एक आजार झालाय. त्याला नाव आहे आणि त्याच्यावर औषध आहे."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. मला आजार नाही, केस आहे."

त्यांनी अहवाल दिला की हा माणूस सध्या खटल्याला उभा राहण्याच्या स्थितीत नाही. म्हणजे खटला थांबला आणि मी आत राहिलो. बरा होईन तेव्हा खटला चालणार होता. तो चालल्याशिवाय घरी जायचा रस्ताच नव्हता. हे मला नीट समजायला दोन महिने लागले, आणि समजलं ते वॉर्डातल्या बापूंकडून, म्हणजे चुकीचं समजलं.

बापूंचा कायदा

आमच्या वॉर्डात सगळे कोर्टाकडून आलेले. बाहेरच्या लोकांना असा वॉर्ड म्हटला की काहीतरी भयंकर डोळ्यांसमोर येतं. मला आठवतात त्या सकाळी. मागे एक चिंचेचं झाड होतं, तिथे ऊन यायचं आणि आम्ही सगळे उन्हाला पाठ देऊन बसायचो. कॅरमच्या सोंगट्या कमी होत्या, त्यांच्या जागी शर्टाची बटणं. सहाला चहा, आठला नाश्ता, मग गोळ्यांची रांग. सिस्टर हातावर गोळ्या ठेवायच्या, पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आ करा. जीभ वर." खरं सांगायचं तर त्या शिस्तीने मला धरून ठेवलं. डोक्यात बाजार भरलेला असताना बाहेर काहीतरी रोज त्याच वेळी घडतं, याचा फार आधार असतो.

बापू साठीचे, कात्रजच्या पलीकडच्या एका गावचे. गाव शहरात आलं, पुतण्यांनी जमीन बिल्डरला विकली, आणि बापूंना जमीन रोज हाका मारू लागली. त्या हाका ऐकून त्यांनी मोजणीला आलेल्या माणसाच्या पायावर कुदळ घातली. सहा वर्षांपासून आत होते. वॉर्डातलं सगळ्यांत मोठं कायद्याचं डोकं त्यांचं.

"हे बघ संजू," ते एकदा म्हणाले, "मोठी गोळी हाय ना, ती शिक्षा. अन ती बारकी पांढरी, तो दंड. कोर्टात काय म्हनत्यात? इतकी शिक्षा अन इतका दंड. तसंच हितं."

"आणि डोस कमी केला तर?"

"शिक्षेत सूट."

वेड्यांचा वॉर्ड म्हणून हसू नका. आम्ही सगळे कोर्टातून आलेले. न सांगता काही दिलं की ते शिक्षाच असणार, हे आम्हाला पाठ होतं. सगळा वॉर्ड हे मानायचा. आणि आमच्यात प्रामाणिकपणाही होता. शिक्षा भोगायची, पण दंड शक्य तर चुकवायचा. म्हणून आम्ही मोठी गोळी इमानदारीत गिळायचो आणि बारकी गालात सरकवून चिंचेच्या बुंध्याशी नेऊन टाकायचो. "आ करा" म्हटल्यावरही ती लपवायची कला बापूंनी मला शिकवली. कॉम्प्युटर जोडणाऱ्या हाताला हेही जमलं.

मोठ्या गोळीने आवाज खरंच मागे सरकू लागले. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मला कावळा ऐकू आला, नुसता कावळा, त्याला माझ्याशी काही काम नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातली ग्लुकोजची दोन बिस्किटं मला दिली.

पण अंग ताठायला लागलं. हात हलेनात, तोंडातून लाळ गळायची, चालताना पाय घासायचे. वॉर्डात सगळेच असे चालायचे, त्यामुळे मला वाटलं, शिक्षा म्हटली की हे आलंच.

हुकलेली तारीख

सहाव्या महिन्यात मॅडमना वाटलं की मी खटल्याला उभा राहू शकेन. कोर्टाची तारीख लागली. मी आठवडाभर मनात वाक्यं घोकत होतो, "साहेब, मी माझ्या भावाला मारलं. मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं." तीन वाक्यं, कॉम्प्युटरची ऑर्डर घोकावी तशी.

तारखेच्या सकाळी न्यायला पोलीस आले आणि माझी मान डावीकडे वळली ती तशीच अडकली. डोळे वर गेले. जीभ तोंडात लाकडासारखी. मला सगळं कळत होतं आणि एक शब्द बाहेर येत नव्हता. इतकी भीती मला आवाजांचीसुद्धा कधी वाटली नव्हती. वाटलं, हेच आता कायम.

पोलिसांतला एक जण मॅडमना म्हणाला, "मॅडम, गाडीत गडबड नको. एखादं जास्तीचं इंजेक्शन द्या की, झोपेल गप."

मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "याचं औषध याच्या आजारासाठी आहे. तुमच्या गाडीसाठी नाही." आणि कोर्टाला चिठ्ठी लिहिली, आज आणता येणार नाही.

मग त्यांनी मला वेगळं इंजेक्शन दिलं आणि शेजारी स्टूल घेऊन बसल्या. पंधरावीस मिनिटांत मान सुटली, आखडलेला चाप सैल व्हावा तशी. मी रडायला लागलो. रडण्याचं कारण मान नव्हती, तारीख होती. पुढची तारीख तीन महिन्यांनी लागली.

"संजय, बारकी गोळी घेता ना रोज?"

मी म्हटलं, "मॅडम, दंड आहे तो. शिक्षा मी पूर्ण घेतो."

त्यांना क्षणभर कळेना. मग कळलं. आधी हसू आलं त्यांना, ते मला दिसलं, आणि पुढच्या क्षणी ते गेलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांना माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम चिंचेखाली आल्या आणि खाली बसल्या, आमच्यात, फरशीवर. तळहातावर दोन गोळ्या. "ही मोठी, आजारावर. हिच्याने कधीकधी अंग आखडतं. ही बारकी, त्या आखडण्यावर. मोठी घेतली आणि बारकी टाकली की माणसाचं असं होतं." त्यांनी मान वाकडी करून दाखवली. सगळे हसले, कारण सगळे एकमेकांना रोज तसंच बघत होते.

बापूंनी विचारलं, "म्हंजी दंड न्हाई?"

"नाही बापू. दंड नाही आणि शिक्षाही नाही. ताप आल्यावर देतात तसं औषध आहे."

"मंग सा वर्सांत आमाला कुनी सांगितलं न्हाई."

मॅडमनी तळहातावरच्या गोळ्यांकडे पाहिलं. "खरंय. सांगायला हवं होतं. ती चूक आमची."

कोर्टाने पाठवलेल्या माणसाला "चूक आमची" असं कोणी म्हणत नाही. मी तरी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून रांगेत प्रत्येक जण गोळी हातावर घेऊन आधी विचारायचा, "ही कशावरची?" सिस्टर वैतागायच्या, "अरे, डॉक्टर झालात का सगळे?", पण सांगायच्या. महिनाभरात बापूंच्या हाताची थरथर कमी झाली आणि त्यांनी कप न सांडता चहा प्यायला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी रिकामा कप आम्हाला सगळ्यांना फिरवून दाखवला.

माझं औषधही मॅडमनी बदललं. तेव्हा बाजारात नवी गोळी आली होती, अंग कमी आखडणारी. ती इस्पितळात मिळायची नाही, दादा बाहेरून आणून द्यायचा. बदलताना मॅडम म्हणाल्या, "डोस आणि सुटका यांचा काही संबंध नाही, हे डोक्यात पक्कं करा. तुम्ही मला खरं सांगितलंत तर मला बरोबर डोस देता येईल. संबंध एवढाच."

दादाचा उजवा कान

दादा दर रविवारी यायचा. बाकावर माझ्या डावीकडे बसायचा, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे यायचा. पहिल्या वेळी तो असा जागा बदलून बसला तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. त्याआधी नुसतं माहीत होतं.

आम्ही फार बोलायचो नाही. हिंजवडीकडे मोठ्या कंपन्या येताहेत, दुकानाच्या मालकाने वरचा मजलाही घेतला, सायली आता शाळेत जाते, असं तो सांगत राहायचा. शहर धावत होतं आणि मी उन्हाला पाठ देऊन बसलो होतो. एकदा मी सरळ विचारलं, "खटला संपला तर मला घरी नेशील?"

मॅडमनी मला आधीच समजावलं होतं. तेव्हा भान नव्हतं असं कोर्टाला पटलं तर शिक्षा होणार नाही, पण मोकळंही सोडणार नाहीत. घरच्या कोणीतरी लेखी हमी द्यायची, की आम्ही याला सांभाळू, औषध देऊ, याच्याकडून कोणाला इजा होऊ देणार नाही. हमी नसेल तर पुन्हा इथेच. बापू त्याचा पुरावा होते. बापू बरे होते. पुतणे आले नव्हते, इतकंच.

दादा बुटांकडे बघत म्हणाला, "मी आज सही करेन. पण ती नको म्हणते. तू आलास तर सायलीला घेऊन माहेरी जाईन म्हणते."

मला राग आला. आतून पेटलो. फिर्याद दिली, आत टाकलं, आता दारही लावून घेतलं! त्या रागात मी दोन दिवस जेवलो नाही. मग हळूहळू त्या सकाळच्या रिकाम्या हातांची आठवण आली. माझ्यापुढे त्या निःशस्त्र उभ्या होत्या, आणि मागे चार वर्षांची मुलगी होती. मी त्यांच्या जागी असतो तर कुलूप दोनदा लावलं असतं.

नव्या गोळीने भूक मात्र राक्षसासारखी लागायची. दादाने ते घरी सांगितलं असावं. पुढच्या रविवारी तो मोठा डबा घेऊन आला. थालीपीठं, लोणी, लसणाची चटणी. मी म्हटलं, "वहिनींनी दिलं?" दादा ओशाळून म्हणाला, "ती म्हणते, माणसाला उपाशी ठेवायचं नाही. घरात ठेवायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे."

त्यानंतर डबा दर रविवारी आला. वहिनी आल्या नाहीत.

वहिनींची यादी

आणि मग एका बुधवारी आल्या. एकट्या, दादाला न सांगता. मॅडमच्या खोलीत मला बोलावलं तर त्या तिथे बसलेल्या, हातात वहीचा फाडलेला कागद. वाण्याकडे जाताना करतात तशी यादी. मी आत आलो तेव्हा त्यांनी खुर्ची नकळत भिंतीकडे सरकवली. मी दाराजवळच थांबलो. मॅडम आमच्या मध्ये.

"गोळी किती वाजता द्यायची?"

"रात्री जेवणानंतर."

"एखाद दिवशी विसरली तर?"

"दुसऱ्या दिवशी नेहमीचीच द्यायची. दोन नाही."

"आणि यांनी गालात ठेवून फेकली तर मला कसं कळणार?" दादाने सगळं सांगितलं होतं तर.

मॅडम म्हणाल्या, "झोप बघा. आधी झोप जाते. तीन रात्री जागे दिसले की चौथ्या दिवशी माझ्याकडे आणा."

वहिनी हे लिहून घेत होत्या. "झोप गेलेली मला तेव्हाही कळली होती," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "ऐकलं कोणी?"

मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "भावजी, एक विचारायचंय. तुमचे ते आवाज गेले का?"

पंधरा महिन्यांत मला इतका महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "गेले" म्हटलं असतं तर सही झाली असती. वॉर्डातल्या प्रत्येकाने मला तेच सांगितलं असतं. आणि ते खोटं होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांनी काही सुचवलं नाही.

"पूर्ण नाही गेले, वहिनी," मी म्हटलं. "कधीतरी येतात. लांबून, शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसे. मी त्यांना उत्तर देत नाही आता. आले की मॅडमना सांगतो."

वहिनींनी पर्सची चेन लावली. मला वाटलं, संपलं. मी तुझ्यामुळे बुडालो, असं मी माझ्याच जिभेला म्हणत होतो.

"आणि त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला काय दिसलं होतं? तुमच्या भावात?"

मी सांगितलं. फोन, कंपनी, सौदा, सगळं. हे मी डॉक्टरांना, वकिलांना, न्यायाधीशांना सांगितलं होतं, पण ज्यांच्या घरात ते घडलं त्यांना कधीच नाही. शेवटी म्हटलं, "वहिनी, मी चुकलो." त्यांचे डोळे भरले. त्या रागावूनच म्हणाल्या, "फोनसाठी? अहो, त्या फोनवर रोज राँग नंबर येतात!"

मॅडम हसल्या, मग मी, मग नाकाला पदर लावून वहिनी. पण जाताना दाराशी त्या गंभीर होत्या. "मला भीती वाटते अजून. ती जाणार नाही लवकर. खोटं कशाला बोलू." आणि गेल्या. सही करणार की नाही, ते बोलल्याच नाहीत.

निकाल

तीन महिन्यांनी लागलेली ती पुढची तारीख मी चुकवली नव्हती. मान सरळ होती, जीभ चालत होती. तीन वाक्यं मी म्हटली, मधलं थोडं अडखळत. खटला मग बरेच महिने, तारखांमागून तारखा चालला. मॅडमची साक्ष झाली. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं की कृत्य याच्या हातून घडलं, पण तेव्हा ते समजण्याच्या स्थितीत हा नव्हता. म्हणून निर्दोष. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "याची जबाबदारी कोण घेणार?"

त्या सकाळी इस्पितळातून निघताना बापूंनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "घेनारं मानूस पायजे रं बाबा. बाकी समदं होतंय." पुढे मी त्यांना दर महिन्याला भेटायला जायचो, त्यांच्यासाठी तंबाखू नाही पण शेंगदाण्याचे लाडू घेऊन. ते तिथेच वारले, चांगले शहाणे असताना. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कोर्टात दादाचा डावा कान न्यायाधीशांकडे होता, त्याला प्रश्न नीट ऐकू गेला नाही. तो मान वळवून शेजाऱ्याला विचारेपर्यंत त्याच्या मागच्या बाकावरून वहिनी उठल्या होत्या. त्या आल्या आहेत हे मला माहीतसुद्धा नव्हतं. सरळ पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"गोळ्या मी देणार आहे, तर कागदावर नाव माझं लागेल," त्या म्हणाल्या. "हे दिवसभर कारखान्यात असतात."

कारकुनाने नाव विचारलं, लिहिलं, मग थांबला आणि केसचे कागद मागे चाळले. "बाई, फिर्यादीचं नावही हेच दिसतंय."

"मीच ती."

"म्हणजे फिर्यादही तुमची आणि हमीही तुमचीच? असं कसं?"

"तेव्हा यांना घरातून न्यायला कोणीतरी हवं होतं. आता घरी न्यायला कोणीतरी हवंय," वहिनी म्हणाल्या. "सही कुठे करू?"

न्यायाधीशांनी खाली बघितलं. मला वाटतं ते हसले. मला मात्र समोरचं काही दिसेना. व्हरांड्यात येऊन मी खांबाला टेकलो आणि भर दुपारी, वकिलांच्या गर्दीत, लहान पोरासारखा रडलो. वहिनी बाजूला उभ्या राहिल्या. रडू दिलं. मग म्हणाल्या, "चला भावजी. सायलीची शाळा सुटायची वेळ झाली."

बाहेर रिक्षा केली. मी एका कडेला बसलो. दादा आपोआप माझ्या शेजारी, मध्ये बसायला निघाला, वहिनी पलीकडे बसतील असा. वहिनींनी त्याला हाताने थांबवलं. "तुम्ही तिकडून बसा," म्हणाल्या, आणि स्वतः माझ्या शेजारी बसल्या. मांडीवरची पर्स त्यांनी घट्ट धरली होती, मला दिसत होतं. विश्रांतवाडी येईपर्यंत ती तशीच घट्ट धरलेली होती, आणि त्या तिथेच बसून होत्या.